कारागीर, करार आणि यंत्रे



वसंतातल्या संध्याकाळी गावाने एकत्र जमावे आणि कुणाचे तरी चार शब्द ऐकावेत, ही चाल न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. व्याख्यात्याने विषय कोणताही घ्यावा. मात्र श्रोता घरी परतताना त्याच्या पदरात काही पडलेले असावे, एवढाच या मालेचा दंडक आहे. या वर्षी चिटणिसांनी मला विषय सुचवला तो असा : 'मोबाइलवर चालणारे ॲप करवून घ्यायचे आहे, ते अँड्रॉइडवरही चालले पाहिजे आणि आयफोनवरही, तर त्यासाठी कामाची माणसे कशी निवडावी?' इतिहासाच्या शिक्षकाकडे हा प्रश्न कशासाठी आला, असे प्रथम माझ्याही मनात आले. परंतु दोन दिवस विचार केल्यावर ध्यानात आले की प्रश्न नवा नाहीच. आपला मजकूर परक्या यंत्रावर चढवायचा, ती विद्या आपल्याला येत नाही, म्हणून ती येणारा माणूस शोधायचा, त्याला पैसा द्यायचा आणि तो निघून गेल्यावरही काम चालू राहील अशी तजवीज करायची, हा खटाटोप मराठी माणूस सव्वादोनशे वर्षे करत आला आहे. त्यातला पहिला प्रयोग तर येथून जवळच, मिरजेत पार पडला.

आरंभीच एक गोष्ट सांगून ठेवतो. माणसांची टोळी ठरवणे म्हणजे काय, हे शिरोळ तालुक्याला शिकवण्याची गरज नाही. दरवर्षी कारखान्यांचा हंगाम जवळ आला की मुकादम येतो, उचल घेतो, आणि ऊसतोडीची टोळी अमुक दिवशी फडावर हजर होईल असा शब्द देतो. बहुतेक वेळा टोळी येते. एखाद्या वर्षी उचल जाते आणि टोळीही येत नाही. मुकादमाशी बोलणे म्हणजे तोडणाऱ्याशी बोलणे नव्हे, हे आपण अनुभवाने शिकलो आहोत. आज मी जे सांगणार आहे, त्याचा निम्मा भाग या एका अनुभवात सामावलेला आहे.

मिरजेची गीता

अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट राहत होता. त्याच्या उत्तेजनाने पुण्यातल्या एका तांबट कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे कोरण्याची कला हस्तगत केली. नाना फडणवीसांच्या कानी ही गोष्ट गेली. ब्राह्मणांना दान देण्यासाठी भगवद्गीतेच्या पोथ्या हाताने लिहवून घ्याव्या लागत. त्याऐवजी छापून घ्याव्यात, असे त्यांच्या मनाने घेतले. परंतु मॅलेट १७९७ साली पुणे सोडून गेला आणि १८०० च्या मार्चमध्ये नानांचेही निधन झाले. आश्रय संपला तसा तो कारागीर मिरजेस आला. मिरजेचे संस्थानिक गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांनी त्याला ठेवून घेतले, आणि १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेली गीता सिद्ध झाली. अ. का. प्रियोळकर यांनी भारतातील मुद्रणाच्या १९५८ सालच्या आपल्या इतिहासात ही हकीकत दिली आहे.

या प्रसंगाचा अभिमान वाटावा हे योग्यच. पण अभिमान बाजूला ठेवून थोडे बारकाईने पाहू. तांब्याच्या पत्र्यावर संपूर्ण पान उलट्या अक्षरांत कोरावे लागते. कोरलेल्या रेषांत शाई भरायची, वरचा पृष्ठभाग पुसून घ्यायचा आणि कागद दाबून त्या रेषांतली शाई कागदावर उचलायची. एक पत्रा म्हणजे एक पान. गीतेच्या पत्र्यांतून ज्ञानेश्वरी निघणार नाही. त्यासाठी सारे पुन्हा कोरले पाहिजे. दुसरे असे की ही विद्या एका माणसाच्या बोटांत होती. तो पुण्यात असेपर्यंत ती पुण्याची, तो मिरजेस गेला की मिरजेची. नानांसारख्या चतुर पुरुषाची योजना अडली ती पैशावाचून नव्हे. एका माणसाच्या पाठीमागे दुसरा तयार केलेला नव्हता, हे तिचे दुबळेपण होते.

श्रीरामपूरची आग

त्याच सुमारास बंगालमध्ये हुगळीकाठच्या श्रीरामपुरात हेच काम निराळ्या पद्धतीने चालले होते. तेथे विल्यम केरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८०० साली छापखाना घातला. त्यांना अनेक भारतीय भाषांत पुस्तके काढायची होती, म्हणजे एकच यंत्र आणि नाना लिप्या असा मामला होता. त्यांनी पंचानन कर्मकार या कारागिराला आणले. हाल्हेडचे बंगाली व्याकरण १७७८ साली हुगळीस छापले गेले, तेव्हा त्याच्या बंगाली अक्षरांच्या कामी हाच पंचानन चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली होता. म्हणजे केरीने माणूस निवडला तो केलेले काम पाहून निवडला. पंचाननने देवनागरीचे खिळे घडवलेच, शिवाय आपला जावई मनोहर याला हाताशी धरून तयार केले. पंचानन काही वर्षांतच वारला. पण मनोहरने ते काम पुढे दीर्घकाळ चालवले. मिरजेत गीता निघाली त्याच १८०५ साली श्रीरामपुरात केरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापून झाले होते.

येथे खिळे कसे होतात ते सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. प्रथम पोलादाच्या दांडीच्या टोकाला अक्षर कोरतात, तो ठसा. तो ठसा तांब्याच्या तुकड्यात ठोकला की खोलगट साचा उमटतो. त्या साच्यात शिशाचा रस ओतला की खिळा पडतो. खिळे झिजतात, मोडतात, हरवतात, त्याची चिंता नाही. ठसा आणि साचा जवळ असेल तर हजार खिळे पुन्हा ओतता येतात. याची कसोटी १८१२ च्या मार्चमध्ये लागली. श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. इमारत, कागद, हस्तलिखिते, मणावारी खिळे, सारे भस्मसात झाले. परंतु ठसे आणि साचे वाचले. वितळलेले शिसे राखेतून वेचून काढून त्याचेच नवे खिळे ओतण्याचे काम लगोलग सुरू झाले.

ठसा कुणाच्या ताब्यात आहे ? श्रोतेहो, आजच्या व्याख्यानातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे झाले, तर हा प्रश्न लक्षात ठेवा.

मुंबईचे दोन पुरुष

मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना होता. तेथे थॉमस ग्रॅहमने देवनागरीचे सुबक खिळे घडवले. या एका छापखान्यात काम करून दोन मराठी माणसे मोठी झाली. पहिले गणपत कृष्णाजी. त्यांनी शिळाप्रेस स्वतःच्या हिकमतीने उभा केला, शाई स्वतः केली आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. छापील पंचांग बाटलेले, अशी शंका तेव्हाचे लोक घेत. म्हणून शाईत चरबीऐवजी तूप घातले, असे सांगतात. ग्राहक कोण आहे आणि त्याची अडचण कोणती आहे, हे कारागिराने जाणावे ते असे.

दुसरे जावजी दादाजी. जन्म १८३९ चा. लहानपणीच ते मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागले. तेथून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे, अशी नोकरी करत त्यांनी धंद्याचे सारे अंग पाहून घेतले. १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. अक्षरे कोरण्याच्या कामी त्यांचे जिवलग स्नेही राणोजी रावजी आरू यांचा हात होता. एकाला व्यवहार आणि यंत्र कळत होते, दुसऱ्याच्या हातात अक्षर होते. निर्णयसागरी वळण पुढे भारतभर संस्कृत पुस्तकांचे वळण झाले ते या जोडीमुळे. 'टीम' हा शब्द तेव्हा आपल्याकडे रुळला नव्हता, पण वस्तू हीच.

ज्या अक्षराला जागा नव्हती

आता मधली शंभर वर्षे ओलांडून संगणकाकडे येऊ. आय. आय. टी. कानपूर येथे देवनागरी संगणकाचे काम झाले, आणि पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने ते पुढे नेले. तथापि छपाईच्या बाजारात मात्र प्रत्येक फाँटवाल्याने अक्षरांना आपापले क्रमांक दिले होते. एका दुकानात जुळवलेला मराठी मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला की त्याची अगम्य चिन्हे होत. ज्यांनी लग्नपत्रिका किंवा संस्थेचा वार्षिक अहवाल छापायला दिला असेल, त्यांना हा ताप आठवत असेल. फाँट बदलला की मजकूर बुडाला ! हा तांब्याच्या पत्र्याचाच नवा अवतार होता.

यावर उपाय निघाला तो युनिकोडचा. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली आणि त्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला जगभर एकच क्रमांक मिळाला. मुंबईच्या एन. सी. एस. टी. या संस्थेत र. कृ. जोशी यांनी रेखलेला 'मंगल' हा फाँट विंडोजबरोबर घरोघर पोहोचला. गंमत अशी की 'ॲप' या शब्दातला पहिला वर्ण, म्हणजे अ वर चंद्र असलेला 'ॲ', याला युनिकोडात स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ च्या एप्रिलमध्ये, आणि आयफोनचे ॲप विकणारे दुकान उघडले ते त्याच वर्षीच्या जुलैत. वस्तू आली तेव्हा तिचे नाव लिहिण्यापुरते अक्षर आपल्यापाशी तयार होते !

त्याच २००८ साली पहिला अँड्रॉइड फोन विक्रीस आला. दोन फोन, दोन घराणी, दोन भाषा. एकाच कामासाठी दोन कारागीर ठेवा, दोनदा पैसे मोजा, असा हिशेब झाला. तेव्हा एकदाच लिहावे आणि दोन्हीकडे चालावे अशी साधने निघू लागली. फोनगॅप नावाचे साधन संकेतस्थळाचे पानच ॲपच्या वेष्टनात घालून देई. २०१५ साली फेसबुकने रिॲक्ट नेटिव्ह खुले केले. त्यात लिहायचे एकदा, पण पडद्यावरची बटणे आणि खिडक्या त्या त्या फोनच्या. २०१८ च्या डिसेंबरात गूगलच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती आली; ते पडद्यावरची प्रत्येक रेघ स्वतःच काढते, म्हणून दोन्ही फोनांवर रूप सारखे दिसते. साधनेही मर्त्य असतात, हे येथे विसरू नये. फोनगॅप २०२० साली बंद झाले. झामारिन नावाच्या साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या मेमध्ये काढून घेतला. त्यावर ज्यांनी घर बांधले, त्यांना घर हलवावे लागले.

आमची चूक

इतिहास सांगताना दुसऱ्यांच्या चुका सांगणे सोपे असते. आता स्वतःची सांगतो.

एका छोट्या संस्थेच्या कार्यकारी मंडळात मी होतो. २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही एक ॲप करवून घेतले. कृष्णा-पंचगंगेच्या पाण्याच्या पातळीची सरकारी माहिती गावातल्या लोकांना आणि त्यांच्या परगावी गेलेल्या मुलांना तत्काळ कळावी, एवढाच हेतू. कारागीर हुशार होता, दर कमी होता, आणि मंडळातल्या एकाच्या ओळखीचा होता. करार दोन ओळींचा. निम्मे पैसे आधी, निम्मे नंतर. ॲप दोन्ही फोनांवर दिसले. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि उरलेले पैसे दिले.

नदीकाठच्या गावांत एक गोष्ट आम्ही ध्यानात घ्यायला हवी होती. आईवडिलांच्या हातात साधा अँड्रॉइड असतो, आणि पुण्या-मुंबईला नोकरीस असलेल्या मुलाच्या हातात पुष्कळदा आयफोन. इशारा दोघांना पोहोचला पाहिजे. आयफोनच्या दुकानात ॲप ठेवायचे तर अॅपल कंपनीला दरवर्षी नव्याण्णव डॉलर भरावे लागतात. ते खाते कारागिराच्या नावावर होते. वर्ष सरले, त्याला परदेशी नोकरी लागली, वर्गणी भरायची राहिली. इशारे पाठवण्याचे प्रमाणपत्रही वर्षाने संपते, तेही संपले. कुणाला काही कळले नाही, कारण उन्हाळ्यात पुराचा इशारा कशाला यायचा ?

२०१९ चा ऑगस्ट आपणा सर्वांना आठवतो. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झाले की आपण स्नानाला जातो. त्या आठवड्यात पाणी दक्षिणद्वाराची मर्यादा कितीतरी मागे टाकून गेले. आमच्या ॲपचे इशारे अँड्रॉइडवर दोन दिवस गेले, आयफोनवर एकही गेला नाही. नदीकाठच्या एका घरात एकटी राहणारी वृद्ध आई फोन पाहत नसे. तिचा मुलगा मुंबईहून ॲप पाहत होता, आणि ॲप शांत होते म्हणून तोही निश्चिंत होता. शेजाऱ्यांनी हाक मारून, हाताला धरून तिला बाहेर काढले म्हणून ती वाचली. पूर ओसरल्यावर तो मुलगा मला भेटला. रागावला नाही. तो इतकेच म्हणाला, 'सर, ॲप नसते तर मी फोन केला असता.' ते वाक्य अजून माझ्या मनातून गेलेले नाही. नसलेल्या साधनापेक्षा, आहे असे वाटणारे साधन अधिक घातक असते.

मग आम्ही दुरुस्तीला लागलो. दुसरा कारागीर म्हणाला, 'मूळ लिखाण द्या.' ते आमच्याकडे नव्हते. आमच्याकडे खिळे होते. ठसे पहिल्याबरोबर गेले होते. सारे नव्याने करावे लागले.

तर मग माणसे ठरवावी कशी ?

पहिली गोष्ट, केलेले काम पाहावे. कागदावरची यादी नको; दुकानात आज चालू असलेली तीन ॲपे विचारावीत आणि ती आपल्या घरातल्या सर्वांत स्वस्त फोनवर चालवून पाहावीत. त्यात मराठी मजकूर घालून पाहावा. 'दऱ्या', 'सुऱ्या', 'ज्ञानेश्वर', 'कृष्णा' ही अक्षरे दोन्ही फोनांवर नीट उमटतात का, हे पाचवीतला मुलगाही सांगेल.

दुसरी, मुकादमाशी बोलून थांबू नये. प्रत्यक्ष लिहिणारा कोण, त्याला भेटावे. तो सोडून गेला तर दुसरा कोण, हेही विचारावे. लहान कामाला फौज लागत नाही. रूप आखणारा एक, लिहिणारे एक किंवा दोन, माहितीचा साठा सांभाळणारा एक आणि चुका शोधणारा एक, एवढे पुरे. मात्र लिहिणाऱ्यानेच स्वतःच्या चुका शोधाव्यात, असे होऊ देऊ नये. मुद्रितशोधक आणि जुळारी एकच असू नये, हा छापखान्याचा जुना नियम आहे. आणि एकदा लिहिले म्हणजे खर्च निम्मा झाला, अशा भ्रमातही राहू नये. इशारे, परवानग्या, पैशाचे व्यवहार हे दोन्ही फोनांवर निराळे चालतात आणि निराळेच तपासावे लागतात.

तिसरी, सारे पैसे एकदम ठरवण्याआधी एक लहानसे काम मोबदला देऊन करवून घ्यावे. एक पडदा, एक नोंद, एक इशारा. त्यात माणसाचा हात कळतो आणि शब्दही कळतो. पुढचे पैसे टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्पा स्वतःच्या फोनवर पाहून द्यावेत. उचल द्यावीच लागते, पण ती उचलीइतकीच असावी.

चौथी, ठसे. गूगलच्या दुकानाचे खाते एकदाच पंचवीस डॉलर भरून निघते, अॅपलचे दरसालचे. दोन्ही संस्थेच्या नावावर असावीत आणि कारागिराला त्यात कामापुरता प्रवेश द्यावा. मूळ लिखाणाचे कोठार पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावावर असावे. ॲपवर सही करण्याची किल्ली संस्थेच्या तिजोरीत असावी.

येथे कायदा काय म्हणतो तेही ऐका, कारण पुष्कळांची समजूत उलटी आहे. पैसे आपण दिले म्हणजे वस्तू आपली झाली, असे आपण धरून चालतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या १७ व्या कलमानुसार पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क, निराळा करार नसेल तर, मालकाचा असतो. पण बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिलेल्या संगणक-आज्ञावलीचा हक्क, लेखी करून दिल्यावाचून, त्याच्याकडेच राहतो. १९ वे कलम सांगते की हस्तांतर लेखी आणि सहीनिशी हवे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. म्हणून करारात हक्क, मुदत आणि प्रदेश हे तीन शब्द स्पष्ट असू द्या. आमच्या दोन ओळींत तीनपैकी एकही नव्हता.

पाचवी आणि शेवटची, वर्षाची निगा. फोनांची प्रणाली दरवर्षी बदलते आणि ॲपला तिच्याबरोबर चालावे लागते. विहीर खणून देणारा निघून जातो, पण गाळ दरसाल काढावा लागतो. तो कोण काढणार आणि किती पैशांत, हे खणतानाच ठरवावे. पुराच्या कामाचे ॲप असेल तर दर मे महिन्यात एकदा खोटा इशारा पाठवून दोन्ही फोनांवर तो पोहोचला की नाही ते पाहावे. आम्ही आता तसे करतो. पहिल्या वर्षी तो मुंबईचा मुलगा स्वतः म्हणाला, 'माझ्या फोनवर आधी पाठवा.'

मिरजेच्या त्या अनामिक तांबटाविषयी मला आदर आहे. त्याने गीता दिली. पण तो निघून गेला असता तर मागे काय उरले असते, हा प्रश्न त्याला ठेवणाऱ्यांनी विचारायचा होता. हुशार माणूस मिळणे हे भाग्य आहे. त्याच्या मागे काम उरेल अशी व्यवस्था करणे हे आपले कर्तव्य आहे. भाग्याची वाट पाहता येते, कर्तव्याची पाहता येत नाही. आणि पावसाळा तर आता दोन महिन्यांवर आला आहे.